अंगठ्याची जागा

महोदय,

नामवंत कलावंतांच्या वाद्यांना लिलावात मिळणाऱ्या किमतींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सगळी किंमत नावाची, असा त्याचा सूर. मिरजेत मी तीसेक वर्षं तंबोरे-सतारी दुरुस्त करतो. मला हे अर्धंच पटलं.

इंग्लिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही गिटार घ्या. १९७० मध्ये त्याने नॅशव्हिलला फेंडर कंपनीच्या सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक) गिटारी घेतल्या, तीन मित्रांना देऊन टाकल्या आणि उरलेल्या तिन्हींतले चांगले भाग काढून ही एक जुळवली. म्हणजे शुद्ध जोडकाम! एरवी संग्राहक अशा वाद्याला नाकं मुरडतात, त्यांना खिळासुद्धा मूळचा लागतो. तरी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. (पैसे त्याच्या अँटिग्वातल्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाले, त्यानेही बोली चढली असेल.) वर्षानुवर्षं ती त्याच्याच हातात लोकांनी पाहिली होती, आणि खुंट्यांकडच्या टोकाला त्याच्या सिगारेटचा जळका डाग होता. पुढे फेंडरनेच तिच्या २७५ नकला काढल्या, तर तो डागही हुबेहूब उतरवला.

आणि आपण? दोन पावसाळ्यांपूर्वी एका दिवंगत गवयांचा तंबोरा माझ्याकडे आला. नातू म्हणाला, “काका, एकदम नवा करून द्या.” दांडीच्या कडेला, अंगठा टेकतो तिथं, पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. बोटभर लांब, हाताला साबणासारखं गुळगुळीत. मी काचकागद मारला, लाखेचे हात दिले, झिजलेली घोडी (भोपळ्यावर तारा टेकतात ती पट्टी) बदलली. वाद्य आरशासारखं झालं. नातू खूश, मीही मजुरी घेतली.

महिन्याभराने त्याने मोबाइलवर आजोबांच्या मैफलीचा जुना फोटो पाठवला. तंबोरा तोच, आणि अंगठा नेमका त्या जागेवर.

तेव्हापासून पॉलिशआधी मी चारही बाजूंनी फोटो काढतो. जुनी घोडी, खुंट्या कागदात बांधून गिऱ्हाइकाला परत देतो. बरेच जण “हे कशाला?” म्हणून दुकानातच ठेवून जातात. अशा पुड्यांचा एक डबा भरलाय. ज्यांच्या असतील त्यांनी खूण सांगून घेऊन जाव्यात.

– एक तंतुवाद्य कारागीर, मिरज