रविवारची संथ सकाळ: नांदूर मध्यमेश्वर

सभासदहो, सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायला पहाटे ५.३० वाजता नाशिकच्या द्वारका चौकात जमायचं आहे. गाड्या वाटून घेऊ, दुपारी १ पर्यंत घरी.

यावेळी पक्ष्यांची यादी करायची नाही, कॅमेऱ्यांची शर्यत लावायची नाही. आपल्यापैकी बरेच जण अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या शिफ्ट, मुलांचे क्लास आणि रात्री उशिरापर्यंत वाजणारे ग्रुप यांत पार पिळून निघाले आहेत. म्हणून पहिला तास कोणीही बोलायचं नाही. पाण्याकाठी बसायचं, श्वास सावकाश सोडायचा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर मंदावते, ही शरीराचीच व्यवस्था आहे.

जागाही तशीच आहे. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, बेटं आणि उथळ पाणी तयार झालं, आणि हिवाळ्यात बदकांचे थवे तिथे उतरू लागले. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये ती जाहीर झाली. नाशिककरांनी तिथे निदान एकदा तरी घाई न करता बसावं, असं मला मनापासून वाटतं.

फोन बंद करून पिशवीत ठेवायचा आहे. घरच्यांना काळजी वाटू नये म्हणून संयोजकांचा नंबर आधीच देऊन ठेवा. स्वेटर, पाण्याची बाटली, घरचा डबा आणा. कपडे फिक्या, मातकट रंगाचे हवेत. आई-वडिलांना जरूर आणा, चालणं फार नाही. प्रवेश शुल्क तिथेच भरायचं.

गुरुवारी रात्रीपर्यंत नाव आणि गाडीत किती जागा आहेत ते कळवा.