प्रशिक्षणाला सातबारा विचारू नका

माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातली कापूस पिकवणारी बाई. पाच एकर वावर आहे, सातबारा नवऱ्याच्या नावावर.

मागच्या ऑगस्टमध्ये गावात बोंडअळीचं प्रशिक्षण झालं. निरोप सातबाऱ्यावरच्या नावाने आला. वेळ सकाळी अकराची, तेव्हा आम्ही सगळ्या निंदणाला. नवरा गेला आणि बोंडअळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे घेऊन आला. आठ दिवसांनी पाहते तर सापळे वावरात उभे, आणि पतंगाला ओढणारी गोळी घरी फळीवर, पाकिटातच. त्यांना दोष देत नाही, एका बैठकीत ऐकलेलं कोणाच्या किती लक्षात राहणार!

त्याच आठवड्यात निंदताना मला न उमललेली फुलं दिसली, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. एक उलगडली तर आत बारीक अळी. मी ती धुऱ्यावर टाकून पुढे गेले. तिला डोमकळी म्हणतात, ती गुलाबी बोंडअळीची पहिली खूण असते आणि तोडून नष्ट करायची असते, हे मला वेचणीत किडकी बोंडं हाती आल्यावर कळलं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ झाली, हेही तेव्हाच. ते पतंग रोज मोजणार कोण साहेब? रोज पऱ्हाटीत वाकलेली असते ती बाई.

2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यानंतर गावात फवारणाऱ्यांना मास्क, हातमोजे मिळाले. पण औषधाला पाणी वाहणारी, त्यांचे भिजलेले कपडे धुणारी, फवारलेल्या वावरात दुसऱ्याच दिवशी निंदायला जाणारी, तिला कोणी जवळ बसवून काही सांगितलं नाही. याचा मला फार राग आहे.

शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या सरकारच्या ‘आत्मा’ योजनेत किमान 30 टक्के निधी महिलांसाठी ठेवायचा नियम आहे. बायांसाठी म्हणून मी गावात एकच कार्यक्रम पाहिला, 8 मार्चचा. भाषणं झाली, फोटो निघाले, अळीचं नाव कोणी काढलं नाही.

बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. नाव लागेल तेव्हा लागेल. प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र बचत गटाकडे पाठवा. शिकवायला बाई असली तर आमच्या बाया मोकळेपणी विचारतील. आणि आम्हाला तालुक्याला बोलावू नका, रोज बुडतो. दुपारी भाकर खायला आम्ही धुऱ्यावर बसतोच, तिथे या.

सापळे पेरणीनंतर दीड महिन्याने लागतात. यंदा त्याआधी एक दुपार आमच्यासाठी काढायला सांगा.

आपली,
एक शेतकरी