भातलावणीआधी बायकांच्या मापाचे गमबूट हवेत

समस्त गावकरी आणि मुंबईकर चाकरमानी मंडळींना ग्रामविकास मंडळाचा नमस्कार.

सिंधुदुर्गात पाऊस लागला की लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, धास्तीही लागते. उंदराच्या मुतातले जंतू मळ्यातल्या साचल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, कापल्या-खरचटल्या जागेतून अंगात शिरतात. गुरांच्या मुतातूनही ते पसरतात, त्यामुळे गोठा काढणारेही सुटत नाहीत. तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढायला आणि लावायला दिवसभर वाकलेल्या असतात त्या बहुतेक बायकाच. पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलवटते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाय पुन्हा चिखलात.

दुकानात मिळणारे गमबूट पुरुषांच्या मापाचे, आठ-नऊ नंबरचे. चार नंबरचा पाय त्यात घातला की बूट चिखलात रुततो आणि पाय तेवढा वर येतो. मग बूट बांधावर, बाई अनवाणी! लोक म्हणतात, बायका ऐकत नाहीत. आधी मापाचे बूट तर देऊया.

म्हणून यंदाची वर्गणी चार ते सहा नंबरच्या गमबुटांसाठी. खोल मळ्यात तेही चालणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथल्यासाठी जखमेवर लावायच्या वॉटरप्रूफ पट्ट्या आणि साबण हवा, गोठ्यासाठी रबरी हातमोजे. वस्तू दिलीत तरी चालेल, फक्त माप आधी विचारा.

गोळ्यांसाठी पैसे नकोत. लेप्टो टाळण्यासाठीची डॉक्सीसायक्लिन गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. डॉक्टर सांगतील तशीच घ्यावी. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना परस्पर देऊ नये.

दुसरी गरज गाड्यांची. लावणीच्या दिवसांत ताप आला, डोके आणि पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर भिजल्याचा ताप म्हणून अंगावर काढू नका. लघवी कमी होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे इथपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मळ्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्री-अपरात्री पेशंट नेता येईल अशांनी, रिक्षावाल्यांनीसुद्धा, आपली नावे मंडळाकडे द्यावीत.

वर्गणी खजिनदारांकडे द्यावी, पावती घ्यावी. मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी वस्तू सोबतच आणाव्यात. वाटप मिरगाच्या आधी वाडीवार होईल. पहिला मान दुसऱ्याच्या मळ्यात मजुरीने जाणाऱ्या बायकांचा.

— ग्रामविकास मंडळ