लिथियम कार्बोनेट: सगळं गरम ठेव

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांकडून लिथियम कार्बोनेट करून घ्यायचं म्हणतोस, तर आधी त्याचा उलटा स्वभाव सांगतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार कमी! १०० मिली पाण्यात ० अंशाला साधारण दीड ग्रॅम, १०० अंशाला जेमतेम ०.७ ग्रॅम. पोरांचं उत्पादन घटतं ते बहुधा इथेच. सवयीने द्रावण थंड करून गाळतात आणि बराच माल बेसिनात जातो.

लिथियम क्लोराइड ८.५ ग्रॅम, पाणी ५० मिली. क्लोराइड हवेतलं पाणी भराभर ओढतं. बाटली उघडी राहिली तर वजनात पाणीच मोजलं जाईल, म्हणून ते झटपट तोल. दुसऱ्या चंचुपात्रात तेवढ्याच पाण्यात निर्जल सोडियम कार्बोनेट १०.६ ग्रॅम. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक असतील तर २८.६ ग्रॅम लागतील. दोन्ही द्रावणं गाळून घे.

क्लोराइडचं द्रावण उकळत ठेवून त्यात सोड्याचं गरम द्रावण थेंबथेंब सोड, ढवळत राहा. घाई केली की साका पिठासारखा बारीक पडतो, पोटात सोडियम धरून बसतो आणि गाळताना कागद तुंबवतो. काचेला पांढरी खपली धरते, ती रबर लावलेल्या कांडीने खरवडून घे. दहा मिनिटं उकळव आणि तापवलेल्या नरसाळ्यातून लगेच गाळ. धुवायलाही उकळतंच पाणी, तेही थोडं थोडं. ११० अंशाला वाळव. हिशेबाने ७.४ ग्रॅम यायला हवं. साडेसहाच्या आसपास आलं तर उत्तम.

तपासायला थोडा क्षार ज्योतीत धर, ज्योत किरमिजी हवी. पिवळी झाक म्हणजे सोडियम राहिलं. चिमूटभर क्षार सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट टाक. दुधाळ झालं तर क्लोराइड उरलंय.

आणखी शुद्ध हवं असेल तर ते ३०० मिली बर्फगार पाण्यात कालवून कार्बन डायऑक्साइड सोड. बायकार्बोनेट होऊन विरघळतं; गाळून ८०–९० अंशाला तापव, वायू निघून जातो आणि कार्बोनेट पुन्हा खाली बसतं. सोडियम वर द्रावणात राहतं. मला यातला हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो.

हा क्षार हवेत ओला होत नाही, साधी बाटली चालेल. ७२३ अंशाला वितळतो, पण चिनी मातीच्या मुशीत वितळवू नकोस, मूस खातो. बाटलीवर नाव मात्र ठळक लिही आणि चव घ्यायला सक्त मनाई कर. मनोविकारावर हाच क्षार देतात खरा, पण औषधाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. रुग्णाच्या रक्तातलं लिथियम सतत तपासावं लागतं.

तुझा,
श्रीधर