बाबा, त्या पाण्याला भरती-ओहोटी नाही

शिकागो, जुलै

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी ‘मित्रांबरोबर बोटीतून फिरून आलो’ एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. आम्ही पाच जण दहा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीतून, मिशिगन सरोवराच्या दक्षिणेकडच्या शिकागोहून उत्तरेच्या सामुद्रधुनीपलीकडील मॅकिनॉ बेटापर्यंत, सुमारे ५३५ किलोमीटर, सात दिवसांत गेलो.

सरोवर म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे आपल्या ठाण्याचा मासुंदा तलाव येईल, म्हणून आधी आकार सांगतो. याची लांबी ४९४ किलोमीटर आहे आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडेसेच कमी. मध्यावर गेल्यावर कोणताच किनारा दिसत नाही. बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. पण इथे भरती-ओहोटी पाच सेंटीमीटरही नसते. चेंदणीच्या धक्क्यावर तिथी पाहून होडी काढणाऱ्या माणसाला हे पाणी निर्जीवच वाटेल. तसे ते नाही. वादळी वारा आणि हवेचा दाब यांनी सरोवराचे पाणी एका काठाकडे ढकलले जाते आणि मग परातीतल्या पाण्यासारखे हेलकावत परत येते. २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या काठावर गळ टाकून बसलेल्या लोकांवर असेच पाणी चढले आणि आठ जण बुडाले. लाटाही आपल्या समुद्रासारख्या लांब नसतात. त्या आखूड, उभ्या आणि इतक्या पाठोपाठ येतात की एकीवरून उतरलेली बोट सावरण्याआधीच दुसरी आदळते.

आता जे फोनवर सांगितले नाही ते. तिसऱ्या रात्री लडिंग्टन बंदर मागे टाकल्यावर सुकाणू माझ्याकडे होते. रात्री दोघादोघांच्या चार तासांच्या पाळ्या असत आणि आमच्या तांडेल, म्हणजे बोटीच्या प्रमुख असलेल्या सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका, गरज लागेल तेव्हा उठत. वारा पाठीवरचा होता आणि वाढत होता. शीड आखडून घ्यावे असे मला वाटले, पण पाळी संपायला थोडाच वेळ उरला होता, झोपलेल्यांना कशाला उठवा, म्हणून मी थांबलो. अर्ध्या तासाने वाऱ्याने जरा दिशा बदलली, माझ्या हातून बोट किंचित वळली, आणि शिडाचा आडवा दांडा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला असा आपटला की दोराची कप्पी तुटून उडाली. माझा जोडीदार खाली वाकून बसला होता, म्हणून त्याचे डोके वाचले. बाई वर आल्या, आधी शीड लहान करून घेतले आणि मग एवढेच विचारले, की ‘हे करावे असे तुला पहिल्यांदा कधी वाटले?’ मी सांगितलेली वेळ त्यांनी नोंदवहीत लिहिली. बाबा, रागावल्या असत्या तर बरे झाले असते. ‘शीड लहान करायचे मनात आले की तेव्हाच करावे,’ हे तुम्ही मला दहाव्या वर्षी सांगितले होते, आणि ते मला पाठही होते.

आई, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत माझ्या अंगावरच्या पट्ट्याचा दोर बोटीला अडकवलेला असे. उत्तरेकडचे पाणी जूनमध्येही इतके गार असते की पट्टीचा पोहणाराही त्यात फार वेळ टिकत नाही, त्यामुळे या नियमात कुणालाच सूट नव्हती. तू दिलेली कानटोपीही, जिला मी विमानतळावर हसलो होतो, रोज रात्री वापरली.

पुढे साउथ मॅनिटू बेटाच्या खोल उपसागरात नांगर टाकून आम्ही एक पूर्ण दिवस थांबलो आणि कप्पी बदलली. या बेटाच्या कडेला नोव्हेंबर १९६० मध्ये रुतलेल्या एका मालवाहू जहाजाचा सांगाडा अजून पाण्याबाहेर दिसतो. तो पाहायला मी गेलो खरा, पण त्या दिवशी मन लागले नाही. शेवटच्या दिवशी १९५७ साली खुल्या झालेल्या, सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या सामुद्रधुनीवरच्या पुलाखालून गेलो. मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे, सगळीकडे टांगेच. तिथे पोहोचल्याचा आनंद झाला, पण सांगण्यासारखे त्यात फारसे नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी मला पुन्हा बोलावले आहे. जायचे की नाही, हे तुमच्याशी बोलूनच ठरवीन. तुटलेली कप्पी मी मागून घेतली आहे. दिवाळीला येताना दाखवायला आणतो. बाबा, तुमच्या जुन्या होडीच्या लाकडी कप्प्या माळ्यावर असतील, तर साफसफाईत टाकून देऊ नका.

तुमचा मुलगा