मॅडम, ती खुर्ची सरकवलीत म्हणून

आदरणीय मॅडम,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे. येत असतं तर या पत्रातली निम्मी विशेषणं तांबड्या पेनाने खोडून तुम्ही कागद परत पाठवला असतात. तेव्हा आज तुमच्या नकळत, चारचौघांसमोर, मन मोकळं करून घेते.

तुमच्या निरोपाच्या दिवशी भाषणं रीतसर झाली. संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्या विशेष दूतांबरोबर काम केलंत, कुठले मसुदे तुमच्या हाताखालून गेले, सगळं आलं. माझी पाळी आली तेव्हा मी दोन गोड वाक्यं बोलून खाली बसले. मला बोलायचं होतं एका खुर्चीबद्दल, आणि ती सरकवण्याचं ज्यांना कधी सुचलं नव्हतं त्यातले दोघे-तिघे पहिल्याच रांगेत बसले होते.

शांतता वाटाघाटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते सहीचं टेबल, झेंडे आणि हस्तांदोलन. दूतांच्या हाताखालचा, माझ्यासारखा पोलिटिकल ऑफिसर त्या फोटोत नसतो. असलाच तर कुणाच्या तरी खांद्यामागून त्याचा अर्धा कान दिसतो. बैठकीआधी दूतांसाठी टॉकिंग पॉइंट्स, म्हणजे बोलायचे मुद्दे, लिहायचे, बैठकीत नोट्स घ्यायच्या, रात्री जागून त्यांचं टिपण करायचं, ते कोड केबलमध्ये, म्हणजे सांकेतिक गोपनीय संदेशात, घालून न्यूयॉर्कला मुख्यालयात धाडायचं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर राहायचं. त्यातून कुठल्या गटात कुणाचं कुणाशी फाटलंय, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, हे डोक्यात साठवून ठेवायचं. कामाचा आवाका मोठा, पण तो करणाऱ्याला बसायला जागा कुठे, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी जिथे होते त्या जागेचं नाव घेत नाही. तिथले साहेब हुशार होते, तीन भाषा सफाईने बोलत. पण त्यांच्या लेखी नोट्स घेणारी म्हणजे चालता-बोलता टाइपरायटर. मला बहुधा दाराजवळ बसवत, म्हणजे झेरॉक्स काढायला पळता येईल. मी लिहिलेलं टिपण त्यांच्या हातून गेलं की त्याला इस्त्री होऊन यायची. ‘शिष्टमंडळाचे प्रमुख संतापून उठून गेले’ असं मी लिहावं आणि वर जाताना त्याचं ‘थोड्या विश्रांतीसाठी बैठक थांबवण्यात आली’ व्हावं. वरच्यांना कुणी दुखवायचं नाही, एवढंच त्यांचं परराष्ट्र धोरण. पुढे ती फेरी फिसकटली तेव्हा ‘आम्हाला आधी कुणी सांगितलं कसं नाही?’ असा मोठा गदारोळ झाला. सांगितलं होतं की. इस्त्री होण्याआधीच्या मसुद्यात, चौथ्या परिच्छेदात.

तो राग मनात घेऊनच मी तुमच्या चमूत आले. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना दोन शिष्टमंडळं, मध्ये दूत, आणि दूतांच्या मागे आमची दुसरी रांग. माझ्या वाट्याला खांबामागची खुर्ची. समोर दूतांची रुंद पाठ आणि टेबलावरचा कसलासा फुलांचा डोंगर. आवाज ऐकू येत होते, माणसं दिसत नव्हती. मला त्याची सवय होती, म्हणून मी काही बोलले नाही.

कैद्यांच्या यादीवर बोलणं सुरू होण्याआधी तुम्ही उठलात. वाटलं, बाहेर फोनवर जाताय. तुम्ही आपली खुर्ची वीतभर डावीकडे ओढलीत, माझी त्या फटीत पुढे सरकवलीत, फुलं उचलून खाली जमिनीवर ठेवलीत, आणि माझ्या वहीवर एक चिठ्ठी सारलीत: ‘तू चेहरे बघ. शब्द मी लिहिते.’ मग खरोखरच वही उघडलीत आणि पुढचा सगळा वेळ, एखादी नवखी इंटर्न लिहील तशी, खाली मान घालून लिहीत राहिलात. तुमच्या हुद्द्याच्या माणसाने नोट्स घेतलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. दूतांनीही एकदा वळून पाहिलं. तुम्ही मान वर केली नाहीत.

आणि म्हणून मला दिसलं. समोरच्या बाजूचे प्रमुख टेबलावर मूठ आपटून ‘अशक्य’ म्हणत होते. पण त्यांच्या शेजारचे पिकल्या केसांचे सल्लागार, जे नको असलेला विषय निघाला की फाइल मिटून टोपण लावून पेन खिशात ठेवत, त्यांची फाइल उघडीच होती. ते यादीवरून पेन फिरवत होते आणि काही नावांशी बारीक टिंबं देत होते. प्रमुखांनी तिसऱ्यांदा ‘अशक्य’ म्हटलं तेव्हाही टिंबं चालूच होती. त्या रात्री मी एवढंच लिहिलं. तुम्ही त्याला इस्त्री केली नाहीत. उलट सकाळच्या बैठकीत दूतांना माझं नाव घेऊन म्हणालात, ‘हे हिने पाहिलं, मी पाहिलं नाही.’

पुढे त्या सल्लागारांना कुणी कुठे गाठलं, कुणी कुणाला नॉन-पेपर, म्हणजे कुणाचंच नाव नसलेला अनौपचारिक प्रस्ताव, दिला, हे सांगायची मला मुभा नाही आणि इच्छाही नाही. त्या यादीतली काही माणसं आपल्या घरी पोहोचली. करार मात्र झाला नाही. लोक विचारतात तेव्हा मी हे दुसरं वाक्य आधी सांगते, कारण हेही मी तुमच्याकडूनच शिकले.

रात्री उशिरा, सगळे गेल्यावर, तुम्ही जुन्या वाटाघाटींच्या गोष्टी सांगायचात. राल्फ बंचची तर किती वेळा! 17 सप्टेंबर 1948 ला जेरुसलेममध्ये अरब-इस्रायल युद्धातले संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडॉट यांची हत्या झाली आणि मध्यस्थीचं काम त्यांचा सहकारी असलेल्या बंचच्या गळ्यात पडलं. ऱ्होड्स बेटावरच्या हॉटेलात त्याने इजिप्त आणि इस्रायलच्या लोकांना बोलतं केलं, आणि 24 फेब्रुवारी 1949 ला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. पुढच्या वर्षी त्याला नोबेल मिळालं. नोबेलबद्दल तुम्ही चकार शब्द काढत नसायचात. तुम्हाला आवडायचं ते हे की बोलणी रखडलेली असतानाच त्याने दोन्ही बाजूंना भेट द्यायला स्मरणार्थ बशा बनवून घेतल्या होत्या. ‘याला म्हणतात तयारी,’ असं म्हणून तुम्ही मनापासून हसायचात.

कोलंबियाबद्दल बोलताना मात्र हसत नसायचात. तिथलं सरकार आणि फार्क बंडखोर यांची बोलणी क्यूबात, हवानाला चालली होती. 2014 मध्ये तिथे युद्धाची झळ सोसलेली माणसं बारा-बाराच्या पाच गटांनी आली. बंडखोरांनी मारलेल्यांचे नातलग, निमलष्करी टोळ्यांनी उद्ध्वस्त केलेले, सरकारी फौजांनी ज्यांची मुलं नेली ते, सगळे दोन्ही शिष्टमंडळांसमोर बसून बोलले. ज्यांनी मारलं त्यांना ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही समोर बघून. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 2016 ला, सार्वमतात करार थोडक्यात पडला. ‘नको’ म्हणणारे 50.2 टक्के. पण 2002 मध्ये चर्चमध्ये आसरा घेतलेली माणसं जिथे बॉम्बने मारली गेली, त्या बोहायातल्या बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं होतं. हे सांगून तुम्ही गप्प व्हायचात आणि मग एकदम म्हणायचात, जा, झोप आता, सकाळी सात.

तुमचा हा चांगुलपणा काही माझ्यापुरता राखीव नव्हता. दुभाष्यांच्या काचेच्या केबिनकडे तुमचं अर्धं लक्ष असे. सलग भाषांतर करणारं माणूस अर्ध्या तासात थकतं, म्हणून ते पाळीने बोलतात, हे आमच्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नव्हतं. तुम्ही वक्त्याला मध्येच थांबवून त्यांना पाळी बदलायला वेळ द्यायचात. दारावरच्या सुरक्षारक्षकाला नावाने हाक मारायचात. मोठ्या माणसांशी सगळेच अदबीने वागतात, त्याचे पगार मिळतात. ज्यांच्याकडून काही मिळायचं नाही त्यांच्याशी कोण कसं वागतं हे मी आता बारकाईने बघते, आणि खरं सांगू, आमच्या या शांततेच्या धंद्यात तिथे बऱ्याच थोर लोकांचं बिंग फुटतं. सगळ्या जगाला समेट शिकवणारी माणसं स्वतःच्या ड्रायव्हरशी दिवसभरात एक वाक्य बोलत नाहीत.

बरं, एक बातमी राहिलीच. माझी बढती झाल्याचं कळल्यावर त्या इस्त्रीवाल्या साहेबांची मेल आली. ‘आपण एकत्र केलेलं काम आठवतं, तुझी निरीक्षणशक्ती तेव्हाच माझ्या लक्षात आली होती,’ असं लिहिलंय. खाली त्यांच्या पुढच्या नेमणुकीसाठी कुणाशी तरी बोलशील का, अशी विनंती. तुम्ही असतात तर त्याच दिवशी दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवून मोकळ्या झाला असतात. मीही पाठवणार आहे. पुढच्या आठवड्यात बघते.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली नोट-टेकर