सुमीला पत्र: रावेन्नाचं सोनं

बोलोन्या, इटली,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

सईच्या लग्नाच्या पैठणीचा फोटो मिळाला. किती सुंदर वांगी रंग आहे! त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "सोनं आहेच तिच्याकडे, पण एक जोड तुझ्या हातचा हवा," आणि मी नुसतं "बघते" म्हणून गप्प बसले. तुला वाटलं असेल, हिला नकोसं झालंय. तसं नव्हतं गं. मी घाबरले होते. सई माझ्यासमोर रांगलेली पोर. तिच्या लग्नात मातीचे, तेही प्लॅस्टिकच्या मातीचे दागिने मी कोणत्या तोंडाने द्यायचे?

पण फोटोतला तो रंग बघितला आणि मला थिओडोरा आठवली.

इथून गाडीने सव्वा-दीड तासावर रावेन्ना आहे. तिथल्या सान व्हिताले चर्चच्या गाभाऱ्यात समोरासमोर दोन चित्रं आहेत, एकात सम्राट जस्टिनियन, दुसऱ्यात त्याची राणी थिओडोरा. काचेच्या बारीक बारीक तुकड्यांनी भिंतीवर जडवलेली. चर्चचं अर्पण ५४७ सालचं, आणि पुढच्याच वर्षी थिओडोरा गेली. तिच्या अंगावर अस्सा जांभळा झगा आहे, आणि त्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष सोन्याने भरलेत. अगदी पदरावरच्या मोरांसारखे. आणि मोरही आहेत बरं का तिथे, वर छताच्या चार कोपऱ्यांत पिसारा फुलवून उभे! मोराचं मांस कुजत नाही अशी त्या काळी समजूत होती, म्हणून ख्रिस्ती लोकांनी त्याला अमरत्वाची खूण मानलं.

पण मला खिळवून ठेवलं ते तिच्या मुकुटाने. त्याच्या दोन्ही बाजूंनी मोत्यांच्या सरी सुटतात आणि गालांवरून थेट छातीपर्यंत उतरतात. सुमे, त्या मुंडावळ्याच आहेत! मोत्यांच्या जागी खऱ्या शिंपल्याचे गोल तुकडे बसवलेत, त्यामुळे काचेच्या लखलखाटात तेवढेच मऊ, दुधाळ दिसतात. मी मान वर करून, ती दुखेपर्यंत उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर बोहल्यावरची सई होती.

मग कामाला लागले. पॉलिमर क्ले म्हणजे आपली कुंभाराची माती नव्हे. ते पीव्हीसीच असतं, मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं. कणकेसारखं भरपूर मळायचं, शेवया-पास्त्याच्या यंत्रातून लाटायचं, आणि ११० ते १३० अंशांवर भाजायचं. रंगाची नक्षी करायची तर आळूवडीसारखा उंडा वळतात. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या अशा रचायच्या की कुठेही काप घेतला तरी आत तेच फूल निघावं. मग तो उंडा दाबत दाबत बारीक करत न्यायचा, आतलं फूल त्याच्याबरोबर लहान होत जातं. मला अजूनही पहिला काप घेताना धडधडतं.

सोन्याच्या तुकड्यांची युक्ती मी त्या जुन्या कारागिरांचीच उचलली. ते सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये कोंडत. मी पितळी वर्ख मातीवर ठेवून वरून पारदर्शक मातीचा कागदाएवढा पातळ थर दिला. वर्ख उघडा राहिला तर काळा पडतो. भाजून झाल्यावर दोन-दोन मिलिमीटरचे चौकोन कापले, एकेक चिमट्याने बसवला, पुन्हा भाजलं, आणि पाणी लावून पॉलिश पेपरने घासलं. आधी चारशे नंबरचा, मग सहाशे, मग हजार. पृष्ठभाग आरशासारखा झाला. आणि दागिना मेला. सनमायकाचा तुकडा वाटत होता. तीन आठवड्यांचं काम होतं, मी रडले.

नवरा म्हणाला, "चल, परत बघून येऊ." या वेळी मी सान व्हितालेच्या मागे असलेल्या, गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत जास्त जीव लावून पाहिलं. पाचव्या शतकातली ती. बाहेरून विटांची इतकी साधी की वळूनही बघू नये. जमीन वर येत गेली, त्यामुळे ती दीडेक मीटर आत रुतलीय. आत छत गर्द निळं, खिडक्यांना काचेऐवजी पातळ अलाबास्टर दगड, त्यातून मधासारखा उजेड झिरपतो. घुमटात सोनेरी चांदण्या, मधल्या क्रुसाकडे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. कमानींवर तर रांगोळीच्या फुलांसारखी फुलं. छत ठेंगणं असल्यामुळे नीट दिसलं, आणि तिथे मला माझी चूक सापडली. तुकडे एका पातळीत नाहीतच! प्रत्येक किंचित वेगळ्या कोनात कललेला. मी पाऊलभर सरकले की या चांदणीचं सोनं विझायचं आणि शेजारचीचं पेटायचं. पाच मिनिटांत बाहेर काढलं आम्हाला, पण तेवढी पुरली.

परत आले ती पॉलिश पेपर कपाटात टाकूनच. आता प्रत्येक तुकडा मऊ मातीत तिरका रोवलाय. एका कानातल्यात नव्वदच्या आसपास आहेत. सईने मान वळवली की कळेल तुला.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळली. कुणाचाही चेहरा घेतला नाही, ख्रिस्ताचा नाही, संतांचा नाही. लोक तिथे गुडघे टेकून ज्याच्याकडे बघतात ते कानात लोंबकळवणं मला बरोबर वाटत नाही. आपल्या विठोबाचं कुणी तसं केलं तर मला टोचेलच. म्हणून फक्त निळं आभाळ, चांदण्या आणि खाली शिंपल्याच्या मण्यांची एक सर. गळ्यातल्या पदकात एक मोर आहे, तो मात्र सईच्या पैठणीवरचा. फोटो मोठा करून बघून केलाय.

डबा मंगळवारी टाकतेय. कानातलं हातात घेशील तेव्हा पोकळ वाटेल, इतकं हलकं आहे, दिवसभर घातलं तरी कानाची पाळी ओढणार नाही. अत्तर आधी लावायचं, ते वाळलं की मग हे घालायचं. नेलपेंट पुसायच्या द्रावणाजवळ अजिबात ठेवू नकोस, ते ही माती विरघळवतं. कापसात गुंडाळून ठेव.

आणि लग्नात माझं एक काम कर. मुंडावळ्या बांधून झाल्या की सईला खिडकीशी उभी कर आणि बाजूने एक फोटो काढ. समोरून फोटोवाले काढतीलच.

तुझीच,
वसू